वाफेची यंत्रे आणि विजेचा हिशेब

घरात टेबलावर किंवा भिंतीतल्या प्लगवर बसणारी वाफेची यंत्रे मुख्यत्वे तीन प्रकारची असतात. सर्दी-पडशात वाफारा घ्यायचे प्लास्टिकचे यंत्र, रात्री डासांसाठी लावायचे बाटलीचे मशीन आणि खोलीतली हवा ओलसर ठेवणारे ह्युमिडिफायर. द्रवाची वाफ किंवा धुके करून ते हवेत सोडणे हे तिघांचेही काम. वीज खाण्याची तऱ्हा मात्र इतकी निराळी आहे की खोक्यावरचा वॉटचा आकडा पाहून खर्चाचा अंदाज बांधणारा हमखास चुकतो. वाफाऱ्याच्या यंत्रावर ३०० वॉटच्या आसपासचा आकडा असतो, डासांच्या मशीनवर ५ वॉटच्या आसपासचा. वर्षाच्या शेवटी हिशेब मांडला तर बहुतेक घरांत पाच वॉटच्या मशीननेच जास्त वीज खाल्लेली निघते.

हा हिशेब मांडून पाहायला गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधसारखे गाव सोयीचे आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातले हे गाव मोठ्या तलावाच्या काठी, जंगल आणि धानाच्या बांध्यांच्या मधोमध वसले आहे. पावसाळाभर बांध्यांत पाणी साचलेले, त्यामुळे डासांचे मशीन लांबपर्यंत चालते. हिवाळ्यात तलावाकाठची थंडी बोचरी, तेव्हा वाफाऱ्याचे यंत्र कपाटातून बाहेर येते. उन्हाळा विदर्भाचा, म्हणजे कोरडा आणि भाजून काढणारा. त्या दिवसांत घराघरांत कूलर सुरू होतो, आणि कूलर हेही वाफेचेच यंत्र आहे. बारा महिन्यांत एकाच घरात ही सगळी यंत्रे पाळीपाळीने चालतात.

वॉट म्हणजे वीज ओढण्याचा वेग. बिलावर येते ते युनिट, म्हणजे वेग आणि वेळ यांचा गुणाकार. हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. तीनशे वॉटचे यंत्र दहा मिनिटे चालवले तर ०.०५ युनिट पडते. पाच वॉटचे मशीन रात्री दहा तास चालले तरी ०.०५ युनिटच पडते. वाफेचा जोरदार झोत सोडणारे दहा मिनिटांचे काम आणि कोपऱ्यात लाल दिवा लावून गुपचूप बसलेल्या मशीनची एक रात्र, दोन्ही मीटरवर सारखीच नोंदली जातात. फरक पडतो तो किती वेळा, यात. वाफारा वर्षातून दहा-वीस वेळा घेतला जातो. मशीन रोज लागते.

वाफ करायला एवढी वीज का लागते, याचे उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे. एक लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. युनिटमध्ये सांगायचे तर ०.०९ युनिटच्या आतच हे काम होते. पण तेच उकळते पाणी पूर्णपणे वाफ होऊन उडायला आणखी २,२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे ०.६३ युनिट. तापवण्याच्या सातपट. गंमत अशी की ही सातपट उष्णता आत जात असताना तापमापीचा पारा १०० अंशांवरून हलत नाही. स्कॉटलंडचे जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात ही दडलेली उष्णता प्रयोगाने मोजली. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ती ‘अप्रकट उष्मा’ या नावाने भेटते.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. यंत्रात थंड पाणी भरावे की कोमट, याने फारसे बिघडत नाही. डिसेंबरातले १५ अंशांचे पाणी आणि मे महिन्यातले ३५ अंशांचे पाणी यांत तापवण्याच्या खर्चाचा फरक लिटरमागे जेमतेम ०.०२ युनिट आहे. खरा खर्च पाणी उडवण्याचा. जेवढे पाणी वाफ होईल तेवढी वीज लागणारच, आणि यात कोणतीही कंपनी सवलत देऊ शकत नाही. तीनशे वॉटचे यंत्र मिनिटाला जास्तीत जास्त ८ ग्रॅम पाणी वाफेत बदलू शकते. ‘कमी विजेत दुप्पट वाफ’ अशी जाहिरात कुठे दिसली तर निसर्गनियमाने ती खोटी आहे असे बेलाशक समजावे.

वाफाऱ्याची यंत्रे २०२१ साली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, घरोघरी पोचली. वाफेने विषाणू मरत नाही. चोंदलेले नाक थोडा वेळ मोकळे वाटते, एवढाच तिचा उपयोग. ही यंत्रे आतून दोन जातींची असतात. एकीत तापणारी पट्टी किंवा कॉइल असते आणि पाणी तिच्यामुळे तापते. दुसरी जात स्वस्त. तिच्यात पाण्यात बुडालेले दोन दांडे असतात आणि वीज थेट पाण्यातून वाहते. पाणीच तापकाचे काम करते. त्यामुळे या यंत्राची वीज खोक्यावरच्या आकड्यावर नव्हे, तर पाण्यातल्या क्षारांवर ठरते. बोअरचे जड पाणी भरले की ते जोरात उसळते. आरओचे पाणी भरले तर वाफच धरत नाही, म्हणून त्यासोबतच्या कागदावर चिमूटभर मीठ टाकायला सांगितलेले असते. चिमटीऐवजी चमचा टाकला तर विजेचा प्रवाह एकदम वाढतो, उकळते पाणी तोंडातून उडते आणि घरातली एमसीबी पडू शकते. या यंत्रात चालू असताना पाणी ओतणे, झाकण उघडणे किंवा बोट घालून पाणी तापले का पाहणे हे जिवावर बेतू शकते, कारण त्या पाण्यात वीज खेळत असते. प्लग काढल्याशिवाय त्याला हात लावू नये, आणि मुलांच्या हाती तर ते देऊच नये.

कॉइलच्या यंत्रावर परिणाम करते ते व्होल्टेज. खोक्यावरचे ३०० वॉट हे २३० व्होल्ट मिळाले तर. उन्हाळी धानाच्या दिवसांत पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की विजेच्या डीपीपासून लांबच्या घरांत व्होल्टेज पडते. ते १८० वर आले तर तापकाची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि ३०० वॉटचे यंत्र १८४ वॉटचेच उरते. शंभर मिलिलिटर पाणी उकळीला आणायला जिथे पावणेदोन मिनिटे पुरायची, तिथे जवळजवळ तीन मिनिटे लागतात. आणि या जास्तीच्या वेळात भांड्याच्या अंगातून निघून जाणारी उष्णता धरली तर त्याहूनही जास्त. म्हणजे कमी व्होल्टेजने वीज वाचत नाही. वाफ तेवढीच हवी असेल तर युनिट थोडे जास्तच पडते, शिवाय ताटकळावे लागते ते वेगळेच.

इलेक्ट्रिक किटलीचे उदाहरण याच कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. किटली १,५०० वॉटची, म्हणजे वाफाऱ्याच्या यंत्राच्या पाचपट. ती पाहून पुष्कळ जण दचकतात. पण अर्धा लिटर पाणी उकळायला तिला दोन मिनिटांच्या आसपास वेळ लागतो आणि सुमारे ०.०५ युनिट पडते. तेच पाणी तीनशे वॉटवर उकळायला नऊ-दहा मिनिटे लागतील आणि वीज किंचित जास्तच जाईल. वाफाऱ्यापुरते पाहिले तर यंत्र किटलीपेक्षा सरस ठरते, पण कारण वॉटचे नाही, पाण्याचे आहे. पातेल्यात किंवा किटलीत लिटरभर पाणी उकळून त्यावर टॉवेल घेऊन बसले की तापवलेल्या पाण्यातले फारच थोडे वाफ होते. बाकीचे तसेच निवून जाते. त्यात ०.१ युनिट जाते. यंत्र घोट-दोन घोट पाणी तापवते आणि त्यातले बरेचसे खरोखर वाफेत बदलते. शिवाय मांडीवर उकळते पातेले कलंडण्याची भीती राहत नाही, आणि तो फायदा युनिटपेक्षा कितीतरी मोठा आहे.

डासांच्या मशीनचा हिशेब मात्र वेगळ्याच दिशेने जातो. बाटलीतून वर आलेली वात एका गोल तापकाच्या मधोमध बसते. तापक म्हणजे खास चिनीमातीसारख्या पदार्थाची चकती. ठरावीक तापमानाला पोचली की तिचा विद्युतरोध झपाट्याने वाढतो आणि ती आपोआप कमी वीज ओढू लागते. म्हणून हे मशीन लावल्या लावल्या क्षणभर जास्त वीज घेते आणि मग पाच वॉटच्या आसपास स्थिरावते. ‘जास्त जोराचे’ बटण असलेल्या मॉडेलमध्ये ही वीज दुप्पट किंवा त्याहून थोडी अधिक होते. ४५ मिलिलिटरची बाटली साधारण दीड महिना पुरते, म्हणजे रात्रीला एक मिलिलिटर द्रव उडतो. एवढा द्रव तापवून उडवायला एक किलोज्यूलही लागत नाही. दहा तासांत मशीन मात्र १८० किलोज्यूल खाते. याचा अर्थ विजेतला एक टक्कासुद्धा औषध उडवण्याच्या कामी येत नाही. बाकीची सगळी वात गरम ठेवण्यात आणि खोलीत उष्णता सोडण्यात जाते. वाफाऱ्याचे यंत्र वीज जास्त ओढते, पण तिचा बराच मोठा भाग खरोखर वाफेत घालते. कार्यक्षमतेच्या मापाने पाहिले तर डासांचे मशीन घरातले सर्वांत उधळे उपकरण आहे.

पाच वॉट एवढे लहान असल्यामुळे ही उधळपट्टी डोळ्यांत भरत नाही. रोज रात्री दहा तास लावले तर महिन्याला दीड युनिट, वर्षाला सुमारे १८. सकाळी बटण बंद करायचे राहिले आणि मशीन चोवीस तास तापत राहिले तर महिन्याला ३.६ युनिट, वर्षाला ४४. दोन खोल्यांत दोन मशीन असतील तर ८८. त्याच घरात वर्षभरात वीस वेळा वाफारा घेतला तरी तापण्याचा वेळ धरून सव्वा युनिटच्या वर जात नाही. युनिटचा दर हिशेबाच्या सोयीसाठी दहा रुपये धरला तर नेमाने बंद केलेल्या मशीनची महिन्याची वीज पंधरा रुपयांची, म्हणजे बाटलीच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी. म्हणून कोणी तिकडे पाहत नाही. बाटली रिकामी झाली तरी मशीनला ते कळत नाही. कोरडी वात तापवत ते जवळजवळ तेवढीच वीज खात राहते, आणि घरच्यांना वाटते डास पळताहेत.

ही वीज येते कुठून, हेही याच जिल्ह्यात पाहता येते. तिरोड्याचे औष्णिक वीजकेंद्र ६६० मेगावॉटचे पाच संच चालवते. एकूण क्षमता ३,३०० मेगावॉट. इंधन कोळसा. भारतातल्या कोळशावरच्या केंद्रांत एका युनिटमागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. चोवीस तास लावून ठेवलेले एक मशीन वर्षाला २६ ते ३१ किलो कोळसा जाळायला लावते, आणि त्यातला निम्म्याहून अधिक कोणी झोपलेले नसताना, दिवसाढवळ्या. डासांपासून बचाव तर हवाच. पूर्व विदर्भाच्या जंगलपट्टीत हिवताप ही ऐकीव गोष्ट नाही. पण त्या बचावाचे सर्वांत भरवशाचे साधन मच्छरदाणी आहे, आणि आरोग्य खात्याने हिवतापप्रवण भागांत औषधभारित मच्छरदाण्या वाटल्या आहेत त्या याचसाठी. तिला वीज लागत नाही आणि लोडशेडिंगमध्येही ती काम करते.

ह्युमिडिफायर आपल्याकडे अजून शहरी वस्तू आहे, पण ऑनलाइन खरेदीमुळे तालुक्याच्या गावीही दिसू लागले आहे. बहुतेक लहान मॉडेल पाणी तापवतच नाहीत. आतली चकती कानाला ऐकू न येणाऱ्या वेगाने थरथरते आणि पाण्याचे बारीक तुषार उडतात. वीज २० ते ४० वॉट. २५ वॉटचे यंत्र तासाला ३०० मिलिलिटर पाणी उडवत असेल तर लिटरमागे ०.०८ युनिट पडते; उकळून वाफ करायला जिथे ०.७ युनिटहून अधिक लागते तिथे हे नवव्या हिश्श्यात भागते. वर सांगितलेला निसर्गनियम इथेही मोडलेला नाही. तुषारांची वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता विजेऐवजी खोलीतल्या हवेने पुरवलेली असते. तोटा असा की पाणी उकळत नसल्याने त्यातले जंतू आणि क्षार तसेच हवेत जातात. बोअरच्या पाण्याने टेबलावर पांढरी भुकटी बसते ती याच क्षारांची. टाकी रोज धुतली नाही तर हे यंत्र लावण्यापेक्षा न लावलेले बरे. आणि नवेगाव बांधच्या पावसाळ्यात, हवाच पाण्याने जड झालेली असताना, त्याची गरजही नाही.

हवेकडून उष्णता उसनी घ्यायची ही युक्ती विदर्भाला फार आधीपासून ठाऊक आहे. कूलर दुसरे काय करतो? पंप वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडतो, पंखा त्यांच्यातून कोरडी हवा ओढतो, पाणी उडते आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जाते. तीस अंशांच्या आसपास एक लिटर पाणी उडाले की ०.६७ युनिटएवढी उष्णता हवेतून कमी होते. मे महिन्यातल्या दुपारी कूलरने तासाला आठ लिटर पाणी उडवले असे धरू. हवेतून ५.४ युनिट उष्णता गेली, आणि पंखा व पंप मिळून वीज लागली ०.२ युनिट. सत्तावीसपट काम. तेवढेच पाणी वाफाऱ्याच्या यंत्राने उकळून उडवायचे ठरवले तर साडेपाच युनिटांहून अधिक लागतील आणि खोली भट्टी होईल. मृग लागला, हवेत दमटपणा आला, की पाणी उडेनासे होते आणि कूलर नुसता वारा घालतो. मग तो पंप बंद करून पंख्यासारखाच वापरावा. पंप चालू ठेवला तर दमटपणा तेवढा वाढतो, गारवा नाही.

या तत्त्वाचे सर्वांत मोठे रूप गावाशेजारीच पसरलेले आहे. नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. पूर्व विदर्भात तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. भरलेल्या तलावाचा विस्तार सुमारे ११ चौरस किलोमीटर मानला जातो. एवढ्या पृष्ठभागावरून पाण्याची पातळी एक मिलिमीटरने उडून घटली तरी १ कोटी १० लाख लिटर पाण्याची वाफ होते. त्याला लागणारी उष्णता युनिटमध्ये मांडली तर ७४ लाख युनिट भरते. तिरोड्याचे केंद्र पूर्ण क्षमतेने तासाला ३३ लाख युनिट वीज बनवते. तलावाचा एक मिलिमीटर उडवायला त्या केंद्राला दोन तासांहून अधिक राबावे लागले असते. सूर्य आणि वारा ते काम उन्हाळ्यात रोज करतात, एका मिलिमीटरहून कितीतरी अधिक.

घरातल्या यंत्राची खरी वीज मोजायला महागडे उपकरण लागत नाही. विजेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेले असते. अनेक मीटरवर हा आकडा ३,२०० असतो; आपल्या मीटरवरचा पाहून घ्यावा. घरातले सगळे बंद करावे, फ्रीजचा प्लगही काढावा, आणि फक्त वाफाऱ्याचे यंत्र लावून मिनिटभर दिवा मोजावा. ३,२०० च्या मीटरवर १६ वेळा लुकलुकला तर यंत्र बरोबर ३०० वॉट ओढते आहे. बारा वेळा लुकलुकला तर सव्वादोनशे. किटली लावली तर ८० वेळा. डासांच्या मशीनला मात्र धीर धरावा लागतो. पाच वॉटवर दिवा पावणेचार मिनिटांतून एकदा लुकलुकतो, आणि इतका लहान भार काही मीटर नीट धरत नाहीत. त्यासाठी आधी एकटा एलईडी बल्ब लावून अर्धा तास मोजावा, मग बल्ब आणि मशीन दोन्ही लावून तेवढाच वेळ मोजावा आणि पहिला आकडा वजा करावा. आठवी-नववीच्या मुलांकडून हा प्रयोग जरूर करून घ्यावा. वॉट आणि युनिट यांतला फरक पुस्तकातल्या दहा गणितांपेक्षा त्या अर्ध्या तासात पक्का होतो.

फ्रीज, एसी, पंखे, गिझर यांवर ऊर्जाबचतीचे तारे असतात. वाफेच्या लहान यंत्रांवर ते नसतात. म्हणून घेणाऱ्यानेच पाहून घ्यावे लागते. वाफाऱ्याच्या यंत्रात वॉटपेक्षा टाकी पाहावी. लहान टाकी, पाणी संपल्यावर आपोआप बंद होण्याची सोय, आणि दांड्यांऐवजी झाकलेला तापक, या तीन गोष्टी असलेले यंत्र थोडे महाग पडले तरी घ्यावे. डासांच्या मशीनमध्ये ठरावीक तासांनी बंद होणारे मॉडेल किंवा थोडे पैसे जास्त देऊन स्वतंत्र बटण असलेला प्लग घ्यावा, कारण पलंगामागच्या प्लगचे बटण सकाळी कोणाच्या हाती लागत नाही. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतरचा टप्पा बराच चढा आहे. ज्या घराचा महिन्याचा वापर ९५ ते १०५ युनिटांच्या आसपास असतो, तिथे दोन मशीन रात्रंदिवस चालू ठेवण्याचे सात युनिट बिलाला महागड्या टप्प्यात ढकलू शकतात. अशा घरांनी उद्या सकाळपासून उठल्यावर आधी ते बटण बंद करावे.